दोरीतल्या खोल्या

किताकामी,
१२ ऑक्टोबर

ती. किनुएताईस,

तोकुजिरोचा वाकून नमस्कार. (कंबर धरल्यामुळे अर्धाच वाकलोय, गोड मानून घे.) तुझे गुडघे कसे आहेत? नोशिरोत थंडी पडली असेल, गरम पाण्याची पिशवी काढलीस का?

इकडे जुनं घर पाडलं. नव्यासाठी ओनोदेरा मिस्त्रींनी पहिलाच प्रश्न केला, "काका, मुलांच्या खोल्या किती?" म्हटलं, दोन. "मुलं केवढी आहेत?" एक एक्केचाळीस, एक अडतीस. मिस्त्रींनी वहीत काहीतरी लिहिलं. (काय ते दाखवलं नाही.)

चूक माझीच आहे. मागच्या घरात मी हट्टाने साडेचार-साडेचार चटया अंथरल्या की जमीन संपेल एवढ्याच खोल्या काढल्या. खोली लहान ठेवली की मुलं आत कोंडून घेत नाहीत, बाहेर येतात, असं तेव्हा सगळे शहाणे सांगायचे. आली खरी बाहेर. मित्सुरु ओसाकापर्यंत आणि चिहारु साप्पोरोपर्यंत. म्हणून या वेळी सहा चटया. निदान नवीन वर्षाला तीन दिवस तरी राहतील.

मिस्त्रींनी रिवाजाप्रमाणे मोकळ्या जागेवर दोरी बांधून खोल्या आखून दिल्या. दोरीतली खोली आहे त्यापेक्षा लहान दिसते, हे सगळ्यांना ठाऊक असतं, मलाही होतं. तरी मी चिहारुच्या खोलीत आडवा झालो, तर पाय दोरीबाहेर. (तिरका झोपलो होतो.) खुंटी हातभर सरकवली. मग मित्सुरुवर अन्याय नको म्हणून त्याचीही. रोज संध्याकाळी हाच उद्योग. चौथ्या दिवशी शेजारच्या चिबाबाईंनी कुंपणावरून हाक मारली, "अहो, बरं आहे ना? उठवायला कुणाला बोलावू का?" म्हटलं, मी माझ्या मुलीच्या खोलीत आहे. बाईंनी डबाभर उकडलेली रताळी आणून दिली.

काल मिस्त्री टेप घेऊन आले. मुलांच्या खोल्या आठ-आठ चटया भरल्या आणि माझी उरली दोन, कपाट धरून. "काका, तुम्ही झोपणार कुठे?" मला काय, मी एकटा, कुठेही पडेन. वाटलं, आता ओरडतील. पण त्यांनी दोरीबाहेर बूट काढले, आत येऊन मातीवर बसले आणि म्हणाले, "पोरांना विचारलंत का?" विचारलं नव्हतं. फोन केला. चिहारु म्हणाली, "बाबा, आम्ही हॉटेलात उतरू, तुम्हाला उगाच त्रास." ताई, मला तो त्रासच हवा होता गं.

असो. जेवण जातं, झोप लागते, माझी काळजी करू नकोस.

तुझा,
तोकुजिरो

ता. क. खोल्या परत साडेचार चटयांच्या केल्या. लहानपणी तू, मी आणि आईचं शिवणयंत्र तेवढ्यात मावत होतो. (लाथा तू मारायचीस.)

ता. क. दुसरा. त्यातली एक दक्षिणेला आहे, दिवसभर ऊन. तिला उंबरा ठेवू नका म्हणून सांगितलंय. भिंतीला धरायला कठडा कुठल्या बाजूला लावायचा, असं मिस्त्री विचारताहेत. तुझा कुठला गुडघा जास्त दुखतो, तेवढं कळव. सोमवारी पाया भरायला घेतील.