बोरदऱ्याच्या छावणीचं न्यायखातं

मु. बोरदरा, धारूरजवळ, जि. बीड
पाडव्याचा आदला दिवस, १९७३

तीर्थस्वरूप बद्रीनाथ दाजींच्या सेवेशी, धाकट्या मेव्हण्याचा, रामकिसनचा, दोन्ही हात जोडून नमस्कार.

इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत, म्हणजे दुष्काळात माणसानं जितकं खुशाल असावं त्याहून थोडे जास्तच. विहिरीनं तळ दाखवलाय, पण रेशनवरच्या अमेरिकन मिलोच्या लाल भाकरीची सवय झाली (पहिले पंधरा दिवस आम्ही भाकरीकडं नुसते बघत बसायचो). छबुअक्काचे गुडघे कसे आहेत? दिल्लीच्या थंडीत ती पायमोजे घालते ही बातमी आईनं घरोघर जाऊन सांगितली. पत्राला उशीर झाला, माफी असावी. मी मधे मंत्री झालो होतो.

हसू नका. पौषात आमच्या सोसायटीनं माळावर गुरांची छावणी उघडली. चेअरमन विठ्ठलराव म्हणाले, दिल्लीत असतं तसं आपलंही सरकार पाहिजे, प्रत्येकाला एकेक खातं. (खरं कारण असं की डायरेक्टर नऊ, आणि कुणीच बिनखात्याचं घरी जायला तयार नव्हतं.) चारा खातं, पाणी खातं, दिवाबत्ती खातं (कंदील एकच) अशी वाटणी झाली. शेणाच्या खात्यावर मात्र सगळ्यांचीच उडी पडली, म्हणून चिठ्ठ्या टाकल्या. चिठ्ठी चेअरमन साहेबांची निघाली. चिठ्ठ्या त्यांनी स्वतःच लिहिल्या होत्या, आणि त्यांना फक्त स्वतःचं नाव लिहिता येतं. शेवटी उरलं न्यायखातं. त्यातून घरी काय न्यायचं हे कुणालाच कळेना, तेव्हा ते सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून माझ्या गळ्यात पडलं.

आता न्यायखात्यानं करायचं काय? तुम्ही दिल्लीच्या न्यायखात्यात बारा वर्षं टपाल लावता, तुमच्याइतका जाणता माणूस जिल्ह्यात दुसरा नाही, म्हणून तुम्हाला विचारलं. तुमचं कार्ड मी सभेत वाचून दाखवलं. सरकारला सल्ला देणं, कायद्याचे मसुदे करणं, सरकारच्या बाजूनं कोर्टात उभं राहणं, न्यायाधीशांच्या नेमणुकीचं पाहणं. न्याय देणं हे मात्र खात्याचं काम नव्हे. शेवटचं वाक्य विठ्ठलरावांनी तीनदा वाचायला लावलं. म्हणाले, "हे लई झ्याक हाय."

लगेच पहिला कायदा करायची पाळी आली. चारा सोसायटीचा, म्हणून शेणही सोसायटीचं, असं साहेबांनी ठरवलं. मी सल्ला दिला की बरोबर आहे (त्यांना सल्ला नको होता, टाळी हवी होती), मसुदा केला आणि छावणीच्या तोंडाशी खांबावर लावला. दुसऱ्या दिवशी शेण न्यायला पाट्या घेऊन आलेल्या बाया परत पाठवल्या. त्यात बायडाबाई होती. तुम्हाला आठवत असेल, नवरा वारल्यावर एका गाईवर राहिलेली. दुष्काळी कामावर खडी फोडणं तिच्यानं होत नाही. स्वतःच्या गाईचं आणि शेजारणी देतील ते शेण थापायचं, गोवऱ्या धारूरच्या बाजारात विकायच्या, यावर ती पाऊस पडेपर्यंत तग धरणार होती. माझ्या मसुद्यानं तिचं पोट बंद झालं. दाजी, त्या दिवशी मला स्वतःचीच लाज वाटली. घरी गेलो तर चूल थंड. सौ. शिवकन्या म्हणाली, "जळण संपलं. तुमचा कायदा घालू का चुलीत?" दोन दिवस मी फुटाण्यांवर राज्यकारभार केला.

तिसऱ्या दिवशी बायकांचा अर्ज आला. खाली एकतीस अंगठे, आणि मुद्दे असे बिनतोड की वाचता वाचता माझाच आवाज चढला. विठ्ठलराव ओरडले, "ह्यो कुनी लिहिला बे?" म्हटलं, चौकशी करतो. (चौकशीही माझ्याच खात्याकडं.)

अर्जाच्या सुनावणीला न्यायाधीश म्हणून मी म्हाळूबाबा धनगराला नेमलं. त्याची मेंढरं छावणीत नाहीत आणि तो काटक्यांवर रांधतो, म्हणजे शेणाशी कसलाच संबंध नाही. तुमच्या कार्डाप्रमाणे मी सरकारच्या बाजूनं अर्धा तास बोललो. दोन बैल झोपले. म्हाळूबाबानं सगळं ऐकून विठ्ठलरावांना एवढंच विचारलं, "चारा तुमचा म्हनून शेण तुमचं. बरं. मंग गाय मेली तर ती बी तुमचीच ना? भरून द्याल का?"

विठ्ठलराव ताडकन उठले. "न्हाई न्हाई! गाय ज्याची त्याची!"

"मंग शेण बी ज्याचं त्याचं. तरी लईच हाव आसंल, तर उद्या तुमी नऊ जनांनी सोता उचलावं. उचलंल त्याचं. गडी लावायचा न्हाई."

सकाळी नऊ डायरेक्टर पांढऱ्या धोतरात हजर. जनावरं तीनशे बारा. चौथ्या म्हशीपाशी दिवाबत्ती खात्याला कंबरदुखी आठवली. सातव्या गाईनं शेपूट असं फिरवलं की शेण खातं टोपीसकट माखलं. ऊन चढायच्या आत सरकार घरी गेलं. बायडाबाई पाटी उपडी टाकून तिच्यावर बसली होती, पदर तोंडाला लावून हसत होती. आज माळाच्या उतारावर तिच्या गोवऱ्या वाळताहेत. मी खटला हरलो, आणि इतकं बरं मला बोहल्यावरही वाटलं नव्हतं. घरी गरम भाकरी मिळते.

अक्काला नमस्कार, भाच्यांच्या पाठीवरून हात फिरवावा. पाडवा तुम्हाला गोड जावो, आमचा गुळाच्या खड्यावर होईल.

आपला,
रामकिसन

ता. क. : विठ्ठलराव अपील करताहेत, थेट दिल्लीला, "आपला मानूस हाय तिथं" म्हणून. मोठा लखोटा तुमच्याच टेबलावर येईल. शेणाचं प्रकरण दिल्लीत नेमक्या कोणत्या खात्याकडं धाडावं याचा तुम्ही नीट विचार करावा. घाई करू नये. मृगाचा पाऊस पडेपर्यंत विचार चालला तरी पुरे, तोवर बायडाबाई तरून जाईल. हे सांगायलाच पत्र लिहायला बसलो होतो.

ता. क. दुसरा : लखोट्यावरचं अक्षर ओळखीचं वाटेल. सोसायटीचं लिखाण मीच करतो. अपील फार चांगलं उतरलंय, म्हणून तर धास्ती वाटते.

ता. क. शेवटचा : बायकांच्या अर्जाची चौकशी अजून चालूच आहे. अक्षर डाव्या हाताचं असल्यानं आरोपी सापडत नाही, शाळेच्या मास्तरांवर उगाच संशय आहे. हे पत्र मात्र उजव्या हातानं लिहिलंय, तेव्हा वाचून झाल्याबरोबर फाडावं.