खिशाची बाजू

५ जाने., सोम.
मेडिकल कोडिंगचा क्लास. डॉक्टरांचा रिपोर्ट वाचून दुखण्याला कोड द्यायचा, असं काम. आज शरीराच्या दिशा. डोक्याकडचं सुपिरिअर, पायाकडचं इन्फिरिअर. मधल्या रेषेजवळ मीडियल, लांब ते लॅटरल. बी.ए. घरी बसून वाचून केलं, हेही जमावं. क्रांती चौकातून चालत आले. पाय गेले.

करमाडहून भाऊजी फोनवर, “वहिनी, एकटं कशाला ऱ्हाता? खोली सोडा, आपलं घर हाय की.” परीक्षा पास झाले तर नोकरी बघते, नाही तर येते, म्हटलं.

७ जाने.
काही ध्यानात राहत नाही. ह्यांचा निळा शर्ट दारावर अडकवला. बाकीचे वर्षश्राद्धाला देऊन टाकले. ह्या निळ्यावर टाचण्यांनी दिशांच्या चिठ्ठ्या लावल्या. आता बरं जमतंय.

१० जाने., शनि.
सराव परीक्षा. डावं-उजवं सगळं उलटं. मॅडम म्हणाल्या, “उजवं म्हणजे पेशंटचं उजवं, तुमचं नाही. असा कोड गेला की फाइल परत.”
शेजारच्या बाकावरची नसरीन हसली, “आंटी, सामने नक्को खडे रहो. उसके अंदर घुसके देखो.”
घरी येऊन बघते तर खिशावर माझी चिठ्ठी: उजवा. खिसा तर डावा. अठरा वर्षं रोज सकाळी समोर उभी राहून त्या खिशाला पेन लावून दिला. माझ्या उजव्या हाताला यायचा तो.

११ जाने.
नसरीन म्हणते तसं करून बघावं. शर्टाकडे हात पुढे केला, मागे घेतला. वरण करपलं.

१३ जाने., मंगळ.
घातला. साडीवरच. बाह्या बोटांच्या खाली. तळवे पुढे करून पुस्तकातल्या चित्रासारखी उभी राहिले. खिसा डावीकडे आला. सगळं जागच्या जागी.
समोर मात्र कुणी नव्हतं.

१७ जाने., शनि.
परीक्षा झाली. डावं-उजवं आलं की छातीवर हात नेऊन नसलेला खिसा चाचपत होते. सुपरव्हायझर बाई जवळ येऊन म्हणाल्या, “बरं वाटत नाही का?” “बरंय,” म्हटलं.
निकाल गुरुवारी.
भाऊजी, “मग टेम्पो कधी आणू?” कळवते म्हटलं.
रोज घालून शर्टाला आता माझ्या घामाचा वास. धुवायला काढला होता. परत दारावर अडकवला. गुरुवारपर्यंत तरी राहू दे.