सलामीचा खळगा

दादा, तुमचा बँडवाल्यांच्या टोपाचा साचा काल तीनदा अंगणात नेला आणि तीनदा तसाच आत आणला. उदगीरचा बँडमास्तर काल सकाळीच आला होता. आपल्याकडून टोप घेणारा आता तो एकटाच उरलाय. त्याने मोबाईलवर कुठल्याशा राजवाड्यापुढच्या पहारेकऱ्यांचे फोटो दाखवले. म्हणाला, "ताई, मिलिटरीच्या टोपाला असा खळगा न्हाई. लोकं हसायलेत. गुळगुळीत करून द्या, न्हाई तर मी हैदराबादहून फायबरचे आणतो." साच्यातल्या ज्या उंचवट्याने टोपाला खळगा पडतो, तो घासून काढायला अर्धा तास पुरतो. तेवढंही माझ्याच्याने होत नाही.

आठवतं दादा, तुमची ही लेक आठ वर्षांची आहे. औशाच्या एका जुन्या रिसालदारांच्या घरून तुम्ही परेडचा पितळी टोप एका दिवसासाठी मागून आणलाय. त्याचं टोक दाखवून सांगताय की, पूर्वी हे तलवारीचा घाव चुकवायला होतं, मग नुसतं शोभेला राहिलं, आता आपण ते वरातीत नाचवायचं. तुम्ही त्यावरून साचा काढलात, कागदाचा लगदा थापलात, सोनेरी रंग दिलात, वर लाल तुरा खोचलात. टोप परत करून आलात आणि दोन दिवस दुकान उघडलं नाहीत. मी पॉलिशपेपरने साच्यातला तो उंचवटा घासायला बसले तेव्हा मात्र हात धरलात. "तिथं हात लावू नको. सलामीला बोटं टेकायची जागा हाय ती." गिऱ्हाइकांनाही तुम्ही तेच सांगितलंत, तेही इतक्या ठामपणे की औशापासून बिलोलीपर्यंत वरात मांडवाशी आली की बँडवाले त्या खळग्यात दोन बोटं टेकवून सलामी द्यायला लागले. म्हातारे वाजवणारे अजून देतात. ते पाहिलं की मला तिथं उभं राहवत नाही.

बँडमास्तर उद्या येईल. साचा बदलला तर तुमची सलामी जाते, न बदलला तर दुकान जातं, आणि विचारायला तुम्ही नाहीत. हे पत्र तरी कुठल्या पत्त्यावर टाकू?

दादा, त्या दिवशी तुम्ही मागच्या अंगणात प्लास्टर कालवत होतात तेव्हा मी रिसालदारांचा तो टोप डोक्यावर घातला होता. शहाबादी फरशीवर पडला. पोचा आलेली बाजू भिंतीकडे करून मी तो होता तिथं ठेवला.