मंगळवारचं मौन आणि कलम पंचवीस

तीर्थस्वरूप हिराताईला, तलासरीहून धाकट्या काकड्याचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? दाजींचा खोकला गेला, की अजून बोर्डीभर हिंडवतायत? आमच्याकडे सगळं बेस. नात निलम तीन वर्षांची झाली, एका जागी म्हणून ठरत नाही, आणि परवा तिने आजोबाच्या चष्म्याची काडी मोडली. आज मंगळवार, म्हणजे माझ्या तोंडाला कुलूप. म्हणून सगळं हाताने बाहेर पडतंय. पत्र लांबलं तर बोल देवीला लाव.

तुला ठाऊकच आहे, तरी कागदावर येऊ दे. गेल्या साली निलम न्यूमोनियाने काचेच्या खोलीत पडली होती आणि डॉक्टर नुसतं ‘बघू’ म्हणत होते, तेव्हा तू नि मी विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या पायरीवर उभे राहिलो आणि मी नवस बोललो. पोर वाचली. तेव्हापासून दर मंगळवारी सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत मी एक अक्षर काढत नाही. (गंगी म्हणते, देवीला हे लग्नाच्या वर्षीच का नाही सुचलं? बायको ती, बोलायचीच.) पण मी बसतो सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर. तिथे माझं कामच मुळी बोलायचं: नाव काय, गाव कुठलं, दुखतं काय, चपला बाहेर काढ. रजा घे म्हणशील तर वर्षात मंगळवार बावन्न आणि किरकोळ रजा आठ. दुसऱ्या कुणाला खिडकीवर बसवा म्हणशील तर ते दुसरं पद चार वर्षं रिकामं आहे.

मग मी खुणा सुरू केल्या. सहा महिने कुणाची तक्रार नव्हती. मग आला हाल्या, साखर तपासायला. त्याला सांगायचं होतं, उद्या काही खाऊन येऊ नको. मी पोटावर हात ठेवला, घास तोंडाशी नेला आणि जोरात हात हलवून ‘नाही’ म्हटलं. पण त्या बाबाने पहिल्या दोनच खुणा पाहिल्या आणि तिसरीला पाठ फिरवली! दुसऱ्या दिवशी पहाटे चारोटीला उतरून तीन वडापाव आणि पाव किलो जिलेबी खाऊन, वर गोड चहा मारून, पठ्ठ्या हजर. साखर अशी निघाली की दक्षा सिस्टरने त्याला तिथल्या तिथे खाटेवर आडवा केला. घरी निरोप गेला, बायको रडत आली, मागून टेम्पोभर भाऊबंद आले. खरं कारण कळल्यावर त्याच भाऊबंदांनी माझी कॉलर धरली. दोन दिवसांनी अर्ज आला: पेशंटला समजेल अशा भाषेत माहिती मिळणे हा त्याचा हक्क असून सदर कर्मचाऱ्याने धर्माच्या नावाखाली तो पायदळी तुडविला आहे. (अंगठा हाल्याचा, भाषा वकिलाची.) त्यावर आमच्या मोठ्या डॉक्टरसाहेबांनी मला कारणे दाखवा नोटीस दिली. एकोणतीस वर्षांच्या नोकरीत आजवर माझ्यावर ठपका एकच होता, की हा फार बोलतो.

मीही काही कच्चा नाही. डहाणूला जाऊन संविधानाचं पुस्तक आणलं आणि धर्माचं कलम शोधलं, पंचविसावं. म्हटलं, आता साहेबाच्या टेबलावर आपटतो. उघडलं तर पहिल्याच ओळीत लिहिलंय की हे स्वातंत्र्य सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून! आता सांग, ज्या कलमाच्या आश्रयाला जावं त्याच्या उंबरठ्यावर आमचंच खातं पाय पसरून बसलेलं. तरी मी पान दुमडून खिशात ठेवलं.

चौकशी ठेवली ती नेमकी गेल्या मंगळवारी. साहेबांनी विचारलं, आरोप मान्य आहे का? मी गप्प. धर्मात हे मौन आवश्यकच आहे का, त्याला काही आधार? मी गप्प. खिशातलं पान पुढे केलं तर म्हणाले, तोंडी बोला. बाजूच्या लिपिकाने ‘मौन म्हणजे संमती’ म्हणत खाली ‘मान्य’ असं लिहून टाकलं. बाहेर आलो आणि भिंतीवर डोकं आपटलं, तेसुद्धा आवाज न करता.

आता पुढचं ऐक. कैनाडची रूपी म्हणून एक बाई आहे, जन्मापासून बहिरी आणि मुकी. तिला फिट्सच्या गोळ्या चालू आहेत. आधी ती आली की आमचा अख्खा दवाखाना तिच्या कानाशी ओरडायचा, आणि तिला कळलं नाही की आणखी मोठ्याने ओरडायचा. मीही त्यातलाच, खोटं कशाला बोलू? पण एका मंगळवारी मी तिला सूर्य दाखवून एक बोट धरलं, चांदोबा दाखवून दोन बोटं धरली. बाईला पहिल्यांदा कळलं की गोळी कधी किती घ्यायची. तेव्हापासून ती दोन एसट्या बदलून मंगळवारीच येते, आणि तिच्या ओळखीने आणखी पाच जण यायला लागले. माझ्या खुणा पाहून ते पोट धरून हसतात आणि मला खऱ्या खुणा शिकवतात. तिच्या भावाने, मनिषने, आता उलटा अर्ज दिलाय: मंगळवार बंद केला तर दिव्यांगांशी भेदभाव होईल, कायद्याने तो गुन्हा आहे. साहेब दोन हातांत दोन अर्ज धरून बसलेत. एक म्हणतो हा बोलत नाही म्हणून हक्क गेला, दुसरा म्हणतो हा बोलला तर हक्क जाईल. शेवटी म्हणाले, शुक्रवारी निकाल देतो. आधी नवस खरा होता की कामचुकारपणा, ते ठरू दे. विरुद्ध गेलं तर मोखाड्याला बदली. निवृत्तीला दोन वर्षं राहिली असताना निलमला सोडून मी तिथे कुणाशी बोलू? आणि मौन मोडलं तर देवी काय करेल? जास्त काय लिहू. दाजींना नमस्कार, पोरांना पापे.

तुझा,
काकड्या

ता. क. साहेबांना साक्षीदार हवा. नवसाच्या वेळी माझ्याशेजारी तूच होतीस. शुक्रवारी ये आणि लिहून दे की भावाने मौनाचा नवस बोललेला मी माझ्या कानांनी ऐकला.

दुसरा ता. क. थांब, आठ्या घालू नकोस. तू काय ऐकलंस ते मलाही ठाऊक आहे. ‘पोर वाचू दे, जन्मभर मासळी सोडतो’ असं मी म्हणालो होतो आणि तू बाही ओढून म्हणाली होतीस, जरा जपून बोल रे. पण निलम घरी आली त्याच दिवशी गंगीने कोलंबीचं कालवण केलं होतं, ताई! मी देवीला मनातल्या मनात विचारलं, मासळीच्या बदल्यात मौन चालेल का? ती काही बोलली नाही. मी संमती धरली.

तिसरा ता. क. (बुधवार. पाकीट अजून खिशातच.) काल खिडकी बंद करताना रूपी परत आली. तिने गुडघ्याएवढा हात धरला, छातीला लावला आणि भुवया उंचावल्या: पोर कशी आहे? (निलमचं आजारपण मीच तिला कधीतरी खुणेने सांगितलं होतं.) एकोणतीस वर्षं मी हजारोंना ‘काय होतंय’ विचारलं, मला उलट कुणी विचारलं नव्हतं. मी दोन बोटांनी पळून दाखवलं, आणि मला रडूच कोसळलं. घरी आलो तर निलमला कणकण. दक्षा सिस्टर म्हणाली साधी सर्दी आहे, पण माझा हात ताटातल्या सुरमईवरून आपोआप मागे आला. तेव्हा तू शुक्रवारी येच, आणि खरं तेच सांग. साहेबांना काय ताशेरे ओढायचे ते ओढू देत. मंगळवारी मी बोलेन, आणि रूपीशी सातही दिवस खुणेने बोलेन; त्याला नवसही लागत नाही आणि कलमही. फक्त तू दरवेळी आणतेस ते सुके बोंबील या खेपेला आणू नकोस. आणलेसच तर गुपचूप गंगीच्या हाती दे, आणि ती कुठल्या डब्यात ठेवते ते मला कळू देऊ नकोस.