बादलीवरून भांडण नव्हतं

राजपुरा, बुऱ्हाणपूर
१९५६

लीलाधरदादा,

किती वेळा सांगू तुला? महारवाड्यातल्या उखर्डूनं गावच्या सरकारी विहिरीचं पाणी काढलं, म्हणून निंबाकाकाच्या पोरांनी त्याचा हात मोडला. "विहीर बाटवली!" असं ओरडत मारत होते. तू शेजारीच उभा होतास. माहेरी आलेली मीही घागर घेऊन तिथंच होते. आणि पोलिसांना तू सांगितलंस, "बादलीवरून भांडण झालं." सरकारी वकीलसाहेब म्हणतात, नुसतं भांडण ठरलं तर अस्पृश्यतेचा नवा कायदा लागणारच नाही. तुला विचारलं तर म्हणतोस, "आपलीच पोरं आहेत. तू बाईमाणूस, चूप रहा." बाईमाणसाला कान नसतात का रे?

जाऊ दे, हे पत्र टाकतच नाही. उद्या कोर्टात तुझ्यानंतर मी साक्षीला उभी राहणार आहे. तिथंच ऐक.

तुझी बहीण,
मालू