पाठ नसलेला नंबर

सिंगापूर,
१२ ऑगस्ट २००४

ती. आई,

तुझ्या पायांवर डोकं ठेवतो. मी काल बेडोकच्या खोलीवर सुखरूप परतलो. तुझे टाके दुखतात का? वहिनी तुला जिना चढू देत नाही ना?

तुझ्या ऑपरेशनच्या दिवशी बेटावर फोनच नव्हता, असं मी दादाला सांगितलं. ते खोटं होतं. पॅसिफिकमधल्या ज्या बेटावर मी बोटीचं इंजिन दुरुस्त करायला गेलो होतो, तिथल्या पोस्टात एक सॅटेलाइट फोन होता. रांगेत माझ्यापुढे शेजारच्या बेटावरून होडीने आलेली एक म्हातारी होती.

"कोणाला करायचाय?" तिने मोडक्या इंग्रजीत विचारलं.

"आईला. आज तिचं ऑपरेशन आहे."

तिने लगेच रांगेतला आपला नंबर मला दिला. मी रिसीव्हर उचलला आणि घरचा नंबरच आठवेना. तो मोबाइलमध्ये होता आणि मोबाइल समुद्रात पडला होता. सगळे बघत होते. मी उगाच आकडे दाबले, "हॅलो आई" म्हणालो, दोन वाक्यं बोललो आणि रिसीव्हर ठेवला.

"कशी आहे?" म्हातारीने विचारलं.

"बरी आहे."

तिने डोळे मिटून तुझ्यासाठी प्रार्थना केली. आई, तू शुद्धीवर आलीस की नाही, हेसुद्धा तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

रागाव, पण उत्तर लिही.

तुझा,
उल्हास