वाढीचं बोट

१२ ऑगस्ट

चि. बारक्यास,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

तू विणलेले मोजे पोचले. चिमीने ते आधी हातात घातले, मग पायात, आणि शेवटी मांजराला घालायला निघाली तेव्हा काढून घेतले. टाच छान वळवली आहेस. तुझे दाजी मात्र रुसले आहेत. मामाला भाचीच दिसते, दाजी दिसत नाहीत, असं जेवताना दोनदा ऐकवलं. थंडीआधी त्यांना एक कानटोपी वीण, नाहीतर या घरात माझा निभाव नाही.

आता कामाचं. अण्णांचा उजवा हात अजून लुळाच आहे. डॉक्टर म्हणतात, आला तर येईल. जीभ तेवढी त्या झटक्यातून वाचली, त्यामुळे शिव्या पूर्वीसारख्याच साफ ऐकू येतात. सगळा तंटा सकाळी शर्टावरून. एका हाताला काज सापडतं, पण बटण त्यात शिरत नाही. मी पुढे झाले की झटकून टाकतात. मग हे बटणं लावतात आणि तेवढा वेळ अण्णा भिंतीकडे बघत राहतात. जन्मभर लोकांची इंजिनं उघडून पुन्हा जोडणारा माणूस, बारक्या. बघवत नाही. बिनबटणाचं काही शिवता येईल का?

माप आईच्या रीतीने घेतलं आहे, दोरा सोबत आहे. एकाच टोकापासून पहिली गाठ गळ्याची, मग खांदा, बाही, उंची, आणि शेवटची छातीची. आईला टेप वाचता येत नव्हती म्हणून ही रीत. आपल्याला येते तरी दुसऱ्या रीतीने हात वळत नाही. प्रत्येक गाठीला वाढीचं एक बोट जास्त सोडलं आहे, आई सोडायची तसं. अण्णा आता कुठे वाढणार, पण न सोडता गाठ मारली तर चुकल्यासारखं वाटतं.

मी त्यांना आधी विचारलं नव्हतं. दोरा छातीभोवती आला तसे म्हणाले, हे त्याच्यासाठीच ना? मी हो म्हटलं. तुझ्या हातचा रुमालसुद्धा त्यांनी आजवर खिशात ठेवला नाही, हे तुला मी काय सांगू. वाटलं, आता दोरा तोडून देतील. पण चांगला हात वर करून तसेच बसून राहिले. इतकंच म्हणाले, की फुलंबिलं काढू नकोस म्हणावं.

तब्येत सांभाळ. लोभाची शिवण घट्ट आहेच, तशीच राहू दे.

तुझी,
अक्का


२१ ऑगस्ट

ती. सौ. अक्कास,
बारक्याचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र जिन्यातच उभ्याने वाचलं आणि मग खोलीत येऊन पुन्हा वाचलं. अण्णा खरंच हात वर करून बसले होते का? की मला बरं वाटावं म्हणून तू लिहिलंस? तसं असेल तरी चालेल, पण कळव.

इथे सगळं ठीक. बाटल्यांच्या कारखान्यात अजून बांधणीच्याच खात्यात आहे. बाटली कागदात गुंडाळायची, पेंढ्यात निजवायची, खोक्याला खिळे मारायचे. मुकादम म्हणतात, हात हलका आहे, वर्षअखेरीला कायम करू. तोवर रजा मागायची सोय नाही. खोलीतला जोडीदार, ज्याला सगळे पहिलवान म्हणतात, मला काकू म्हणून हाक मारतो आणि उसवलेल्या बनियनी निमूट माझ्या उशाशी ठेवून जातो. घरमालकीणबाईंचं शिवणयंत्र रविवारी मिळतं. अट एवढीच, की त्यांच्या उश्यांचे अभ्रे आधी.

शर्टाचं मी असं ठरवलं आहे. बटणं राहतील, पण ती नुसती वरून शिवलेली. खाली चर्रकन उघडते ती चिकटपट्टी. समोरच्याला वाटेल, साधा बटणांचा शर्ट. अण्णांना डाव्या हाताने नुसतं दाबायचं. खिसा मी उजवीकडे लावणार आहे, कारण डावा हात डाव्या छातीच्या खिशात नीट वळत नाही. मी स्वतः उजवा हात पाठीशी बांधून दिवसभर खोलीत वावरून पाहिलं, तेव्हा ते लक्षात आलं. पहिलवान म्हणाला, काकूंना वेड लागलं.

कापड राखी रंगाचं, धुऊन मऊ होणारं. कापण्याआधी ते भिजवून आटवून घेईन. फूल एकही नाही, हे सांग. एकच विनंती, अक्का, रागावू नकोस. माप एकदा पुन्हा घेऊन पाठव. हा शर्ट चुकला तर अण्णा दुसरा घालणार नाहीत. कापड एकदा कापलं की कापलं.

आशीर्वादाचा हात डोक्यावर असावा. दाजींना कानटोपी निळी की करडी, तेही कळव.

तुझा,
बारक्या


२९ सप्टेंबर

चि. बारक्यास,
अनेक आ.

उत्तराला उशीर झाला, मनात काही आणू नकोस. घरात थोडी आवराआवर चालली होती. अण्णांची खाट पुढच्या खोलीत, खिडकीशी आणली. तिथे उजेड बरा येतो, आणि रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक गाडीच्या आवाजावरून तिचा आजार सांगता येतो. काल एका ट्रकला त्यांनी महिनाभराचं आयुष्य दिलं.

तुझ्या शर्टाचं सगळं वाचून दाखवलं. वरून बटणं आणि आतून पट्टी, हे त्यांनी दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, म्हणजे बॉनेट एक आणि इंजिन वेगळंच. हसले. उजव्या खिशाचं ऐकून मात्र डावा हात छातीवर उजवीकडे नेऊन पाहिला. नंतर विचारलं, की हात बांधून बसायला याला कुणी सांगितलं होतं.

दुसरं माप सोबत आहे. हे त्यांना धरून बसले होते आणि मी गाठी मारल्या. अण्णांनी निक्षून सांगितलंय, की शर्टाच्या निमित्ताने रजाबिजा काढून इकडे यायचं नाही. आधी नोकरी कायम होऊ दे. मग ये आणि हवा तेवढा राहा.

टोपी करडी. लोभ आहेच, वीण सैल पडू देऊ नकोस.

तुझी,
अक्का


६ ऑक्टोबर

ती. सौ. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

दोन्ही दोरे टेबलावर शेजारी शेजारी ठेवून टोकं टाचणीने पक्की केली. गळा जवळजवळ जुळतो. बाही आणि उंची तर तंतोतंत. पण छातीची गाठ नव्या दोऱ्यात चांगली चार बोटं अलीकडे आली आहे. आधी वाटलं दोरा आटला. मग वाटलं गाठ सरकली. पण आई शिकवायची तशी दुहेरी गाठ आहे, ती सरकत नाही.

मी विचार केला तो असा. पहिल्या वेळी तू बनियनवरून माप घेतलं असशील, आणि या वेळी उघड्या अंगावरून, दोरा ताणून. शिवाय वाढीचं बोट सोडायला विसरलीस. दाजींनी धरलं होतं म्हणतेस, म्हणजे घाई झाली असणार. आई म्हणायची, की दोरा अंगाला लावायचा, आवळायचा नाही. तुला शिकवतो आहे असं समजू नकोस.

पण मनात येतं म्हणून विचारतो. अण्णा वाळलेत का? खाट उजेडासाठीच हलवली ना? आणि दाजींना धरून का बसावं लागलं? पूर्वी ते आपले आपण बसत. मी उगाच घाबरतो, हे पहिलवानही सांगतो. तू एक ओळ लिहिलीस तरी मी कापड कापीन. वाळले असतील तर नव्या मापाने, नाहीतर जुन्या.

उत्तराची वाट पाहतो. कृपा असावी.

तुझा,
बारक्या


१३ ऑक्टोबर

चि. बारक्यास,
अनेक आ.

माझंच चुकलं. उघड्या अंगावरून घेतलं आणि बोट सोडायचं राहिलं. जुन्या मापानेच शीव.

अण्णा बरे आहेत. चिमीला डाव्या हाताने पत्ते पिसायला शिकवतात. तू नोकरीत लक्ष दे.

शर्ट मात्र लवकर शीव. बाहीबिहीत फार कलाकुसर करत बसू नकोस.

तुझी,
अक्का


५ नोव्हेंबर

ती. सौ. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

सोबतच्या पुडक्यात शर्ट आणि दाजींची टोपी आहे. तू लवकर म्हणालीस, पण घरमालकीणबाईंच्या यंत्राचा पट्टा तुटला आणि राहिलेलं सगळं हातशिलाईने केलं. टाके यंत्रासारखे सारखे आले आहेत का ते उजेडात धरून बघ. छाती जुन्या मापाने, आणि मनाची शंका जावी म्हणून मी आणखी एक बोट वाढवलं. सैल असलेलं बरं, लुळा हात आत घालायला सोपं जातं.

घालताना आधी उजवी बाही, मग डावी. काढताना उलट. कॉलरच्या आतून आईच्या जुन्या मफलरचा मऊ तुकडा लावला आहे, म्हणजे मान घासणार नाही. हे अण्णांना सांगितलं नाहीस तरी चालेल.

बाह्यांची टोकं मुद्दाम कच्च्या टाक्यावर ठेवली आहेत. ती मी स्वतः येऊन, अण्णांच्या मनगटाशी धरून पक्की करीन. वर्षअखेरीला कागद हातात पडला की त्याच दिवशी निघतो. तोवर अण्णांनी शर्ट घातला का, काय म्हणाले, सगळं लिही. वाईट म्हणाले असतील तर तेही लिही.

कृपादृष्टी असावी.

तुझा,
बारक्या


२ डिसेंबर

चि. बारक्यास,
अनेक आ.

हे पत्र खाली बसून वाच. अण्णा गेले. परवा, पहाटे. झोपेतच गेले.

नोकरीचा कागद तुझ्या हाती येईपर्यंत काही कळवायचं नाही, असं वचन त्यांनी माझ्याकडून घेतलं होतं. सप्टेंबरातच डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं होतं, की पोटात गाठ आहे आणि तिला हात लावण्यात अर्थ नाही. दोरा बरोबर होता, बारक्या. वाढीचं बोट सोडूनच मी गाठ मारली होती. तू विचारलंस तेव्हा पत्र तीनदा लिहिलं आणि अण्णांनी दोनदा फाडायला लावलं. तिसरं तुला मिळालं. वचनातले शेवटचे दिवस मी मोडते आहे. मला क्षमा करायची की नाही ते तू ठरव.

आता शर्टाचं, कारण तू सगळं लिही म्हणाला होतास. पुडकं आलं त्या दिवशी अण्णांनी कुणाला हात लावू दिला नाही. सांगितल्याप्रमाणे आधी उजवी बाही, मग डावी. पट्टी स्वतः दाबली, उघडली, पुन्हा दाबली. चिमी त्या चर्र आवाजाला हसायची म्हणून कितीतरी वेळ तेच चाललं. चष्मा उजव्या खिशात ठेवला. कॉलरला हात लावून म्हणाले, ही लोकर ओळखीची आहे. मी काही सांगितलं नव्हतं.

शर्ट अंगावर नुसता लोंबत होता. दुपारी गॅरेजमधले जुने जोडीदार भेटायला येणार होते. अण्णांनी मला जवळ बोलावलं आणि पाठीमागून चुण्या घेऊन टाचण्या लावायला सांगितल्या. म्हणाले, पोराने माप चुकवलं असं कुणी बोलायला नको. उशीला टेकायचं नाही म्हणून सगळा वेळ ताठ बसून राहिले. जोडीदारांना पट्टीची गंमत दाखवली. त्यांनी विचारलं, कुठल्या शिंप्याकडून शिवला? अण्णा म्हणाले, धाकट्याकडून. तो फुलंबिलं काढत नाही.

परवा शेवटी तोच घातला. पुन्हा पाठीमागून तशाच चुण्या घेतल्या. समोरून बघणाऱ्याला शर्ट अगदी मापात दिसत होता. बाह्यांचा कच्चा टाका मी तसाच ठेवला, त्याला हात लावावासा वाटला नाही.

रडून घे. जेवत जा. तुझ्याशिवाय आता आम्हाला तरी कोण आहे, हे लक्षात ठेव.

तुझी,
अक्का


९ डिसेंबर

ती. सौ. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. मुकादमांना दाखवलं, त्यांनी आपणहून रजा दिली. शनिवारी निघतो. कायमचा कागद नंतर घेईन.

तुझ्यावर राग नाही. दोन्ही दोरे टेबलावर तसेच आहेत, टाचणीने लावलेले. मी आईचं सगळं शिकलो, पण दोरा खरं बोलतो, एवढं मात्र मानलं नाही. पहिलवानाने परवापासून मला काकू म्हटलेलं नाही. त्याला म्हटलं, म्हणत जा.

चिमीला पट्टीचा उरलेला तुकडा घेऊन येतो आहे. दाजींना नमस्कार. लोभ होता तसाच आहे, त्याला वाढीचं बोट सोडलेलं असावं.

तुझा,
बारक्या

ता. क. एक विचारायचं राहिलं. निजवताना पाठीमागच्या टाचण्या काढल्या होत्यास ना? की दोऱ्याचा एखादा टाका घालून घेतलास? पाठीला टोचलं नसेल ना, एवढंच. मी येईपर्यंत थांबू नकोस, उलट टपाली कळव.